उपरण्याखालची झोप

मंडळी, चहा निवायच्या आत मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. या जगात माणसानं विश्वास ठेवावा कोणावर? वैद्यावर? डॉक्टरावर? बायकोवर? साडूवर? साडूवर म्हणताच हसलात, म्हणजे तुम्हालाही साडू आहे!

मला हा प्रश्न कोणी गेल्या शिमग्याआधी विचारला असता, तर मी छाती पुढे काढून सांगितलं असतं, ‘माझ्या उजव्या हातावर!’ महाडच्या पेठेत तांदळाचा व्यापार करता करता माझे केस पिकले. शाळेत मी गेलो तो पाऊस थांबेपर्यंत आडोशाला. बाकी जे काही शिकलो ते दुकानाच्या गादीवर बसून, आणि या हातानं. त्याच हातानं माझं असं काही नाक कापलं, की अजून पेठेतून जाताना मी दुकानांच्या पाट्या वाचत चालतो. माणसांकडे बघायची सोय राहिली नाही.

सुरुवात झाली गुडघ्यापासून. गुडघे दुखतात म्हणून मी सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. दोन डुबक्या छान झाल्या. तिसरीला शेवाळावरून पाय सटकला आणि मी पायरीवर जो आपटलो, तो थेट उजव्या खांद्यावर. गुडघे बरे करायला गेलो आणि खांदा मोडून घरी आलो. गुडघे अजून दुखतात, ते वेगळंच.

गावच्या हाडवैद्यानं खांदा बांधला. असा बांधला, की महिन्याभरानं हात मागे वळेना आणि पुढेही येईना. शेवटी दासगावहून लाँच, बाणकोटहून आगबोट, असं करत मुंबई गाठली. तिथल्या पारशी डॉक्टरानं क्लोरोफॉर्म देऊन खांदा उघडला आणि हाड चांदीच्या तारेनं शिवलं. हे ऐकून आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, पहिला प्रश्न काय विचारला असेल?

“तार किती तोळ्यांची?”

निघताना डॉक्टरानं मला समोर बसवून बजावलं, “शेठ, आडवा झोपायचा नाय हां! आधा बेठा, आधा लेटा. कोपर के नीचे तकिया. आणि या कुशीवर वळला, तो तार तुटेल. मग परत मुंबई, परत चाकू!”

“आणि झोप नाही आली तर?”

“झोप तो पायजेच. झोप नाय, तो हाड जुळणार नाय. आणि उंगली! उंगली हालवायची. मूठ बंद, मूठ खोल. मूठ बंद, मूठ खोल. दिवसभर. नाय तो हात लाकूड होईल.”

झालं! झोपायचं तर होतं, पण झोपता येईल असं एकही आसन देवानं उघडं ठेवलं नव्हतं.

घरी आल्यावर मंडळींनी पाठीमागे चार उशा रचल्या. डोळा लागला की मनोरा ढासळे आणि मी उताणा. मग आरामखुर्ची आणली. तिच्यातून मी तासाभरात घसरून असा खाली यायचो, की हनुवटी छातीत आणि पाय ओसरीत. मग मी माझी अक्कल चालवली. व्यापारी माणूस! तुसाचं पोतं भिंतीला लावून त्याला टेकलो. रात्रभर पाठीला असं टोचलं, की सकाळी मंडळींनी सुईनं कुसळं काढली.

शेवटचा उपाय मीच सुचवला. “अगो, मला खांबाला बांध.”

“काऽय?”

“बांध म्हणतो ना! बसल्या बसल्या झोपतो. वळायला नको, घसरायला नको.”

घरात दुसरी दोरी नव्हती. तिनं गाईचं दावं आणलं आणि मला खांबाला आवळलं. पहाटे दूध घालायला आलेल्या बाईनं ते दृश्य पाहिलं, चरवी दारातच ठेवली आणि पळाली. दिवस वर यायच्या आत पेठेत बातमी झाली, की क्लोरोफॉर्म शेटच्या डोक्यात चढला असून त्यांना बांधून ठेवावं लागतं.

अशा अठरा रात्री गेल्या. मी जागा आणि माझ्या उशा सावरत मंडळीही जागी. मूठ मात्र मी इमानदारीनं चालवत होतो. इतकी, की जरा डुलकी लागली तरी ती आपली चालूच. बंद, उघड. बंद, उघड.

एकोणिसाव्या दिवशी घरात बसून वीट आला म्हणून दुकानात गेलो. गादीवर बसलो, पाठीला लोड, आणि कोपराखाली आली आमची जाडजूड जुनी चोपडी. अहो, काय सांगू! कोपर तिच्यावर असं बसलं, की जणू वडिलांनी ती चोपडी याच दिवसासाठी बांधून ठेवली होती. हात झोळीत, झोळीवर उपरणं. समोर रामा मापारी तांदूळ मोजत होता. त्याचा गळा तुम्ही ऐकलाय का? पहिल्या मापाला तो एक म्हणत नाही, शुभ म्हणून लाभ म्हणतो. “लाभाऽऽ… दोनाऽऽ… तीनाऽऽ…” बाया मुलांना जोजवतात ना, तसला सूर! सातापर्यंत मी ऐकलं. आठवं माप त्यानं घातलं की नाही, मला ठाऊक नाही.

आता इथे तुम्हाला आमच्या धंद्याची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाया. पेठेत सौदा तोंडानं होत नाही. चार माणसं बसलेली असतात, त्यांना कळता कामा नये. म्हणून दलाल येतो, शेटच्या उपरण्याखाली हात घालतो आणि बोटं धरतो. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पुरी मूठ म्हणजे पाच. आणखी हवं तर पुन्हा मूठ. तोंडं दोन्हीकडून गप्प. हात सुटला की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी तो फिरत नाही. मी तर या बाबतीत नावाजलेला! सौदा करताना माझा चेहरा दगडाचा आणि डोळे अर्धे मिटलेले असतात. त्या डोळ्यांत बघून कोणाला काही कळलंय, असं कधी झालं नाही.

आणि नेमका तोच चेहरा मला झोपेतही असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं!

त्या दुपारी मी तीन तास झोपलो. उठलो तो नवा जन्म झाल्यासारखा. घरी गेलो आणि वाटीभर जास्त भात खाल्ला.

त्यानंतर सहाव्या दिवशी दुकानापुढे बैलगाड्या येऊन थांबल्या. एकामागं एक, सहा! प्रत्येकीवर टम्म फुगलेली पोती, आणि पहिल्या गाडीवर वरंधचा धोंडू दलाल.

“शेट, माल आणला!”

“कसला माल रे?”

“सावरीचा कापूस! पंचेचाळीस पोती.”

मला वाटलं गडी उन्हातून आलाय. “पंचेचाळीस? अरे, आमच्या घरून तुला एका उशीपुरता सांगितला होता ना?”

“वयनीनी सांगितला होता. भाव बी त्यांनीच ठरवला. बोलल्या, किती घ्यायचा ते शेटना इचार. मी दुकानात आलो. तुमी बसला होताव. समोर दोन गिऱ्हाईकं होती, म्हणून उपरण्याखाली हात घातला.”

“मग?”

“मी एक बोट धरलं. एक पोतं? तुमी मूठच आवळलीव. मी बोललो, बापरे, पाच! हात काढणार, तवर परत मूठ. दहा! मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. डोळं अर्धं मिटलेलं, चेहरा कातळावानी. बोललो, शेट पक्का हाय. परत मूठ. परत मूठ. नवव्या मुठीला मीच हात ओढून घेतला. शेट, वरंधपासून घाटमाथ्यापर्यंत तेवढ्याच सावरी हायत हो!”

आता माझी अडचण समजून घ्या. ‘मी झोपलो होतो’ एवढं म्हटलं असतं की सुटलो असतो. पण भर दुपारी गादीवर झोपणारा व्यापारी! उद्या माझ्याशी हात धरायला कोण येईल? शिवाय धोंडू पुढे म्हणाला, “वाडीतल्या बाया चार दिस भाकरी बांधून डोंगरात फिरल्या, शेट. सावरीचं काटं म्हणजे काय, बघा तरी एकेकीचं हात. पण खूश हायत. बोलतात, शेटचा हात हाय, माघारी याचा नाय.”

सगळी पेठ दारात जमली होती. मी खाकरलो. “तर! माझाच हात. उतरव माल.”

तांदळाच्या वखारीत सावर शिरली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे बर्फ पडायला लागला. तांदळात सावर, तराजूत सावर, रामाच्या मिशीत सावर. “लाभाऽऽ… आक्छी! दोनाऽऽ… आक्छी!” असं त्याचं मोजणं चाले. गिऱ्हाईक काळ्या दाढीनं आत जाई आणि पांढऱ्या दाढीनं बाहेर येई.

लोक हळूच विचारू लागले, “शेट, सावरीला मुंबईत भाव येतोय वाटतं?”

इथे मी पाप केलं. खरं सांगायचं सोडून नुसता गूढ हसलो. हसलो, एवढंच! ते हसू पोलादपूरच्या मोटारीत बसून संध्याकाळपर्यंत माझ्या साडूंकडे पोचलं. हे गोविंदराव, आमच्या मंडळींच्या धाकट्या बहिणीचे यजमान, मंडळींच्या माहेरच्या गावचे, पोलादपूरचे व्यापारी. मी भुईमूग घेतला की हे भुईमूग घेणार. मी छत्री घेतली की हे छत्री घेणार. त्यांनी तिकडच्या वाड्यांवरून वीस पोती सावर उचलली आणि भावाची वाट बघत बसले. पंधरवडाभर बसले. कापूस तेवढा फुगला, भाव काही फुगला नाही.

इकडे माझे हाल निराळे. घरी आता सावरीच्या आठ उशा होत्या, मऊ मऊ, ढगासारख्या. त्यांत मी रुतून बसायचो आणि टक्क जागा राहायचो. झोप यायची ती फक्त दुकानात, त्या चोपडीवर कोपर टेकून, रामाच्या सुरावर. ती टाळावी तर हाड जुळत नाही, आणि घ्यावी तर हात उपरण्याखाली मोकळा सुटलेला! राखणीला कोणाला बसवावं, तर त्याला सांगणार काय? शेट झोपतात म्हणून? हात उपरण्याबाहेर ठेवून पाहिला. त्यावर माशा बसल्या. शेवटी एका दुपारी मनाची समजूत घातली, की वीज एकाच झाडावर दोनदा कशाला पडेल? आणि डोळे मिटले.

दोन दिवसांनी गाड्या आल्या. या वेळी पोलादपूरहून. वरच्या पोत्यावर गोविंदराव स्वतः, पांढऱ्या टोपीवर पांढरी सावर, हसरे.

“साडूभाऊ, तुमचा माल!”

“माझा?”

“परवा आलो होतो की! उपरण्याखाली हात घातला. म्हटलं, घेता का थोडी? तुम्ही मूठ दिलीत. मग दुसरी, तिसरी, चौथी. वीसच होती माझ्याकडे, म्हणून थांबलो. नाहीतर तुम्ही कुठले सोडताय! मानलं बुवा तुम्हाला.”

मंडळी, तेव्हा माझा धीर सुटला. वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी हात जोडणार होतो, पण एक झोळीत होता, म्हणून एकच जोडला. “गोविंदराव, खरं सांगतो, मी झोपलो होतो.”

मग जो हशा उठला! रामाच्या हातातलं माप खाली पडलं.

“झोपला होता म्हणे!” गोविंदराव पोट धरून म्हणाले. “डोळे उघडे ठेवून? आणि चार-चार वेळा मूठ देऊन? साडूभाऊ, भाव पडला म्हणून माघार घेताय, तर तसं सांगा. ही थाप कशाला?”

“शप्पथ! धोंडूच्या वेळीही झोपलोच होतो!”

धोंडू बाजारासाठी आलेला, तो दाराशीच उभा होता. त्याचा चेहरा असा पडला, की मला माझीच लाज वाटली. “शेट, तुमी त्या दिवशी बोललाव, माझाच हात. आता फिरताव? बायांना काय सांगू मी?”

घ्या! खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भर पेठेत खरं बोललो तर लबाड ठरलो.

तेवढ्यात आमची मंडळी औषधाची बाटली घेऊन आली. तिनं पोती बघितली, मेव्हण्याला बघितलं, मला बघितलं. डोळे तिचे लाल, चेहरा ओढलेला. बाटली खाली ठेवून ती म्हणाली, “गोविंदराव, हे झोपलेच होते. यांची मूठ डुलकीतही चालते, मी घरी बघितलंय. विश्वास नाही ना? बसवा यांना गादीवर. रामा, मापं चालू कर.”

“अगो, एवढ्या माणसांसमोर मला झोप कशी येईल?”

“तुम्ही बसा हो.”

मी बसलो. लोड पाठीला, कोपर चोपडीवर. तिनं उपरणं नीट पसरलं. तीस-चाळीस डोळे माझ्यावर रोखलेले. मनात म्हटलं, छे, आज काही झोप येत नाही आणि माझी अब्रू काही वाचत नाही.

“लाभाऽऽ… दोनाऽऽ… तीनाऽऽ…”

यापुढचं मी पाहिलेलं नाही. लोकांनी सांगितलं, तसं सांगतो.

मंडळींनी उपरण्याखाली हात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “अहो, दीड महिना होत आला, तुमच्या उशा सावरत मी जागी आहे. दुपारी तुम्ही इथे झोपून घेता, मी कुठे झोपू? पोलादपूरला माहेरी जाऊन जरा झोपेन म्हणते. किती दिवस जाऊ?”

तिनं मान हलवली. “पाच.” पुन्हा हलवली. “दहा.” असं करत करत तिनं हात बाहेर काढला.

धोंडूनं विचारलं, “किती बोललं शेट?”

“तीस!”

तो हशा ऐकून मी दचकून उठलो. “काय झालं? किती पोती घेतली?”

त्या प्रश्नावर मग कोणाचीच शंका उरली नाही.

गोविंदरावांनी निमूटपणे गाड्या वळवल्या. धोंडूची पोती मात्र मी ठेवली. झोपेतला असला तरी हात माझाच होता, आणि बायांच्या हातातले काटे झोपेतले नव्हते. आमची मंडळी घरी जाऊन बोचकं बांधून आली आणि साडूच्या पहिल्या गाडीवर, सावरीच्या पोत्यांवर चढून बसली. मला सांगू लागली, “औषध वेळेवर घ्या, आणि कुशीवर…” वाक्य पुरं झालं नाही. गाडी पेठेच्या वळणाला पोचायच्या आत ती झोपली होती. पाय पसरून, तोंड उघडं टाकून, पोलादपूरच्या रस्त्याच्या खड्ड्यांतून ढाराढूर! मी एका हातात उपरणं धरून बघत राहिलो. खरं सांगू, इतकी सुंदर झोप मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. मग मात्र लक्षात आलं, की आज रात्री माझ्या आठ उशा लावणार कोण?

आता खांदा बरा आहे. दोन पायल्या तांदूळ एका हातानं उचलतो. पण पेठेत कोणताही दलाल माझ्या उपरण्याखाली हात घालायच्या आधी वाकून कानाशी विचारतो, “शेट, जागं हाव ना?”

एवढीच खंत असती तर चाललं असतं. पण नंतर एके दिवशी रामा तांदूळ मोजता मोजता बोलून गेला, “वयनींनी हात घातला आणि काढला, तवर माझी चारच मापं झाली होती, शेट. झोपेत तुमचं उपरणं माझ्या मापासरशी हलतं, एका मापाला एकदाच. मग चार मापांत तुमची मूठ सहा वेळा कशी वळली?”

मी चोपडी मिटून विचार करत बसलो. धोंडू म्हणतो नऊ मुठी. साडू म्हणतो चार, आणि त्याच्याकडे पोतीही नेमकी तेवढ्याचीच निघाली. मंडळी म्हणते सहा. तिन्ही वेळा हात माझा, उपरणं माझं, आणि मोजणारे मात्र ज्यांचा फायदा तेच! ज्याचा हात, तोच तेवढा तिथे हजर नव्हता.

म्हणून सांगतो, हा किस्सा तुम्ही चार घरी सांगणार हे मला माहीत आहे. खुशाल सांगा. नाक माझं, मी कापून घेतलं. पण पेठेत आत्ताच पोती दोनशेवर गेली आहेत, आणि मंडळींच्या माहेरच्या दिवसांना तर धरबंदच नाही. तुम्ही तरी माझ्यासाठी एवढं करा. पंचेचाळीस ती पंचेचाळीस, वीस ती वीस, आणि तीसपुढे बारीकशी शंकेची खूण. मी झोपलेलो होतो, बाबांनो. जागा असलेल्यांनी तरी हिशोब खरा ठेवावा!